देव न मानणारे मुळे मास्तर

मुळे मास्तरांच्या घरातल्या देवांना रोज सकाळी गोदावरीचं ताजं पाणी मिळत असे, आणि ते पाणी आणून देणारा माणूस देव मानत नव्हता. पुणतांब्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठी आमचं ते गाव. गावाला याची इतकी सवय झाली होती की त्यात कुणाला नवल वाटत नसे. नवल वाटायचं ते माझ्यासारख्या नव्याने आलेल्या माणसाला.

मी तिथे गेले तेव्हा बेचाळीस साल सरत आलं होतं. लढाईचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं. मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. मुलींची शाळा म्हणजे मुलांच्या शाळेला जोडून काढलेल्या दोन खोल्या, त्यामुळे मुळे मास्तर माझेही हेडमास्तर. मी तेवीस वर्षांची होते. लग्नानंतर दीड वर्षातच नवरा विषमज्वराने गेला, आणि थोरल्या भावाने घरातल्या कुणाचंही न ऐकता मला ट्रेनिंगला घातलं. एकट्या बाईला खेड्यात बिऱ्हाड कोण देणार? मास्तरांनी आपल्या घराच्या पडवीला लागून असलेली खोली मला दिली. त्या खोलीत मी सहा वर्षं राहिले.

मास्तर ठेंगणे, सावळे, अंगाने काटक. डोक्यावर काळी टोपी, उन्हाने तिच्या कडा तांबूस झालेल्या. हातात छत्री असायची, ती उन्हातही मिटलेली. शेंडी नव्हती आणि जानवंही नव्हतं. घाटावरच्या भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या माणसाने या दोन्ही गोष्टी टाकणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण आवाज मात्र भिक्षुकाचा राहिला होता. लहानपणी वडिलांनी पहाटे उठवून घोकून घेतलेलं सगळं त्या आवाजात मुरलेलं होतं. साधी हजेरी घेतली तरी प्रत्येक नाव ऱ्हस्वदीर्घासकट, स्वच्छ उमटायचं. गणप्या, धोंड्या अशा नावांनाही तिथे मान मिळायचा.

त्यांची एक सवय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मूल उत्तर द्यायला उभं राहिलं की मास्तरही खुर्चीतून उठत. गुडघे धरलेले असत, तरी उठत. मूल बसलं की बसत. चाळीस मुलांच्या वर्गात दिवसभर ही उठबस चालायची.

आणि "ठाऊक नाही" म्हणणाऱ्या मुलाला त्यांच्या वर्गात कधी मार बसला नाही. मार बसला तर ठोकून देणाऱ्याला. ते म्हणत, "ठाऊक नाही म्हणायला लाज नाही. ठाऊक आहे म्हणण्याआधी मात्र हात धुऊन यावं." एकदा डेप्युटीसाहेब तपासणीला आले. त्यांनी तिसरीतल्या एका पोराला विचारलं, "ही पृथ्वी कोणी निर्माण केली?" पोरगं उभं राहून म्हणालं, "ठाऊक नाही, साहेब." साहेबांनी शेजारच्याला विचारलं. तोही तेच म्हणाला. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मुलांबरोबर उभेच होते. अगदी नम्रपणे म्हणाले, "मलाही ठाऊक नाही, साहेब." शेरेबुकात त्या दिवशी धार्मिक शिक्षणाकडे लक्ष पुरवण्याबद्दल दोन ओळी पडल्या. मास्तरांनी त्या सुवाच्य अक्षरात नकलून कार्यालयाला पाठवल्या.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणत असू. काकूंचा देवांवर पुरा भरवसा होता. तोही रडका नव्हे, चांगला खणखणीत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक झिजलेला गणपती असे तीनच देव. त्यांच्याशी त्या सुनांशी बोलावं तशा बोलत. मास्तर नदीवरून कळशी आणून उंबऱ्याच्या आत ठेवत, परसातली कण्हेरीची फुलं परडीत घालून देत आणि शाळेला जात. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "देव तिचा आहे. कमरेने अधू झाली आहे, तिला घाट चढवत नाही. पाणी मी आणायला काय हरकत आहे?"

काकू म्हणायच्या, "यांचा देवावर राग आहे. राग आहे म्हणजे ओळख आहे."

"राग नाही गं," मास्तर म्हणत. यापलीकडे त्यांचा वाद गेलेला मी ऐकला नाही.

गावाने मात्र मास्तरांच्या नास्तिकपणाचा उलगडा परस्पर करून टाकला होता. मास्तरांना दोन मुलं झाली, ती दोन्ही पाळण्यात असतानाच गेली. त्या दुःखाने माणूस फिरला, असं जो तो सांगे. मलाही तेच खरं वाटत होतं.

पहिल्याच चैत्रात काकूंकडे हळदीकुंकू होतं. माझ्यासारखीने बायकांत जायचं नाही म्हणून मी आपल्या खोलीत दार लोटून बसले होते. पडवीतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "एवढी तरणी पोर. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, त्याशिवाय का असं होतं?" बाकीच्यांनी हुंकार दिला. हे मी याआधी पन्नास वेळा ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला थांबवलं. मुलं गेली होती. फळ्यावर बेरजा तशाच होत्या. ते म्हणाले, "बाई, काल पडवीत बोललेलं मीही ऐकलं. तुम्हाला एक सांगायचं आहे. माझी मुलं गेली म्हणून मी देव सोडला असं लोक म्हणतात. तसं नाही. मुलं गेली तेव्हा मी दुप्पट पूजा केली. सोडलं ते नंतर."

मग त्यांनी मानमोडीच्या साथीचं सांगितलं. पहिल्या लढाईच्या अखेरीस तो ताप आला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर घाटावर क्रियाकर्म चालवत होते. लाकडं संपली. लोकांनी खाटा आणि दारांच्या चौकटी आणून जाळल्या. जो येई तो विचारी, भटजी, असं का झालं? आणि वडिलांनी शिकवलेलं उत्तर मास्तर प्रत्येकाला देत, पूर्वकर्म.

"एक कुंभारीण आली," मास्तर म्हणाले. "चार दिवसांत तिची दोन्ही मुलं गेली होती. धाकट्याचं बारसंही झालं नव्हतं. तिनेही विचारलं. मी म्हटलं, पूर्वजन्मीचं पाप असतं. ती म्हणाली, त्याचं का माझं? मी दमलो होतो. मागे माणसं खोळंबली होती. म्हटलं, दोघांचं. तिने मान हलवली, बाई. तिला पटलं. ती भांडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी कदाचित आजही घाटावर असतो. पण तिला पटलं, आणि पोरांना आपणच मारलं असं समजून ती घरी गेली. ते ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं. आणि मला काही ठाऊक नव्हतं. पाठ होतं, ठाऊक नव्हतं."

मी विचारलं, "पुढे त्या बाईचं काय झालं?"

"दोन वर्षांनी मी तिच्या घरी गेलो. तोवर मी घाट सोडला होता, मास्तरकीच्या परीक्षेला बसलो होतो. तिला म्हटलं, मी तेव्हा बोललो ते ठाऊक नसताना बोललो, ते विसरून जा. ती उपास करून काटकुळी झाली होती. ती म्हणाली, भटजी, आता तसं म्हनू नगा. मंग माजी पोरं काय उगीच गेली?" मास्तरांनी फळा पुसायला घेतला. पाठमोरेच म्हणाले, "त्यावर मला बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. म्हणून मी कुणाचा देव काढून घ्यायला जात नाही. पण तुमच्या नवऱ्याला दूषित पाण्याचा ताप आला होता. त्यात तुमचं काही नव्हतं. एवढं मात्र मला ठाऊक आहे."

मी खोलीवर जाऊन रडले. नवरा गेल्यानंतर इतकं मोकळं रडणं मला त्याच दिवशी आलं.

गेणू हा आमच्या शाळेचा शिपाई. कोळ्याचा, पन्नाशीचा, नदीच्या पाण्यासारखा शांत माणूस. एका दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ नाहीसं झालं. किल्ली गेणूकडे असे, त्यामुळे गावाने आळ गेणूवर घेतला. मास्तरांनी चावडीत जाऊन सांगितलं की खिडकीचा गज वाकलेला आहे आणि गेणूला मी वीस वर्षं ओळखतो. लोकांनी ऐकून घेतलं आणि आपलंच म्हणणं धरून ठेवलं. गेणूच्या बायकोला पाणवठ्यावर कुणी बोलेना. तेव्हा पाटलांनी तोड काढली की गेणूने शिंगणापूरला जाऊन शनीसमोर शपथ घ्यावी. खोटी शपथ घेतली तर सात दिवसांत प्रचिती येईल. आली नाही तर गेणू सुटला.

मास्तर भडकले. त्यांना रागावलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. पडवीत येरझाऱ्या घालत ते गेणूला म्हणाले, "तू जायचं नाहीस. शपथेने चोर सापडत नाही, फक्त भित्रा माणूस सापडतो. आणि त्या सात दिवसांत तुला साधा ताप आला तर?"

गेणू पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, मला जाऊ द्या. तुमी माज्यासाठी बोलला, कुनी ऐकलं? मी बोललो, कुनी ऐकलं? पाटलाम्होरं माजी उंची गुडघ्याएवढी. देवाम्होरं उभं ऱ्हायलं की पाटील आन मी एकाच उंचीचे. दुसरी जागाच न्हाई मला, जितं माजं बोलनं कुनी खरं धरंल."

मास्तर येरझाऱ्या घालायचे थांबले. मग म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

दोघं राहुरीपर्यंत आगगाडीने गेले आणि पुढे मिळेल त्या बैलगाडीने. तिथे काय झालं ते मला गेणूनेच सांगितलं. ओल्या धोतराने तो चौथऱ्यावर गेला, तेल घातलं, शपथ घेतली. मास्तर खाली उन्हात उभे होते. हात जोडले नाहीत, पण टोपी काढून हातात धरली होती. परत येताना गेणूने त्यांना विचारलं, टोपी का काढली? मास्तर म्हणाले, "तू खरं बोलत होतास म्हणून."

सात दिवस मास्तर रोज शाळेत आल्याबरोबर गेणूच्या कपाळाला हात लावून पाहत. मी हसले तर म्हणाले, "हसू नका. देव नसला तरी हिवताप आहे." गेणूला काही झालं नाही. बायका त्याच्या बायकोशी बोलू लागल्या. घड्याळ कधीच मिळालं नाही. त्यानंतर मास्तर मला एकदा म्हणाले, "माझ्या शब्दाने जे झालं नाही ते त्या दगडाने केलं. हे मला आवडलेलं नाही, पण झालं ते झालं."

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात पटकीची, कॉलऱ्याची साथ आली. नदी आटून डबकी उरली होती. आठ दिवसांत गावात अकरा माणसं गेली. नारायणभट म्हणून गावचे भिक्षुक होते, ते बायकामुलांना घेऊन सासुरवाडीला निघून गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांची तीन मुलं लहान होती. मास्तर मात्र तालुक्याहून आलेल्या माणसाबरोबर विहिरींत लाल औषध टाकत आणि घरोघर पाणी उकळून प्या म्हणून सांगत हिंडत होते.

एका दुपारी हरी माळ्याची बायको भागूबाई अंगणात येऊन उभी राहिली. हरी सकाळी गेला होता. चार भाऊबंद कसेबसे जमले होते, पण भटजी नव्हते आणि दुसऱ्या गावचे यायला तयार नव्हते. ती पडवीत चढली नाही. खालूनच म्हणाली, "मास्तर, तुमाला समदं पाठ हाय म्हनत्यात. त्येच्यासाठी चार अक्षरं म्हना."

मास्तर खाली उतरले. "भागूबाई, मी ते सोडून पंचवीस वर्षं झाली. मी ते मानत नाही. माझ्या म्हणण्याचा हरीला काय उपयोग?"

ती रडत नव्हती. ती म्हणाली, "तुमी मानू नगा, मास्तर. त्यो मानत हुता."

काकू आतल्या दारात येऊन थांबल्या होत्या. मग मास्तरांनी अंगातला सदरा काढला, खुंटीला लावला आणि उघड्या अंगाने तिच्याबरोबर निघाले.

बायकांनी घाटावर जायची रीत नव्हती. काकू आणि मी उतारावरच्या चिंचेपर्यंत गेलो आणि तिथे थांबलो. वारा आमच्याकडे होता. थोड्या वेळाने तो आवाज आला. पंचवीस वर्षं ज्याला हात लावला नव्हता ते सगळं एकही अक्षर न अडखळता, न घाई करता येत होतं. हजेरीतली नावं उच्चारावीत तसं हरीचं नाव मध्ये स्वच्छ उमटलं. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता.

त्या साथीत मास्तर आणखी पाच-सहा घरी गेले. बोलावलं तर जात, आपणहून जात नसत.

आता सांगते ती गोष्ट मात्र त्या पहिल्या दिवशीच्या संध्याकाळची. मास्तर नदीवर अंघोळ करून घरी आले तेव्हा काकूंनी देवापुढे दोन समया लावल्या होत्या. एरवी एकच असे. साखर मिळायची मारामार असताना कुठून तरी शिरा केला होता, नवं लुगडं नेसल्या होत्या. मास्तर उंबऱ्यातच थांबले. काकूंनी विचारलं, "परत आलात ना?"

त्या घाटावरून परत येण्याबद्दल विचारत नव्हत्या, हे मला पडवीतूनही कळलं.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "तिला हवं होतं म्हणून गेलो होतो."

काकूंनी एका समईची वात ओढून मालवली आणि म्हणाल्या, "बरं. शिरा तरी खा. निवतोय."

साथ ओसरल्यावर नारायणभट परत आले. जानवं टाकलेल्याने केलेलं कर्म पोचत नाही, ते पुन्हा केलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. भागूबाई म्हणाली, माझ्या मालकाचं झालंय, आता पुन्हा न्हाई. आमच्या शाळेत नगरहून एक तरुण शिक्षक आले होते, सुधारक मताचे. त्यांना मास्तरांबद्दल फार आदर होता. मास्तरांनी मंत्र म्हटले हे त्यांना लागलं. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तुम्ही तत्त्व सोडलंत."

मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, "सोडलं असेल." मग घंटा द्यायला गेणूला सांगितलं.

काकू गेल्या त्या सत्तेचाळीसच्या थंडीत. छातीचा विकार होता. शेवटचे दोन महिने अंथरुणावरच होत्या. शाळेची वेळ सोडली तर मास्तर त्यांच्या उशाशी असत. त्यांची वेणी घालायलाही ते शिकले होते, जरा वाकडी पडायची. देवांची पूजा त्या दिवसांत माझ्याकडे आली होती.

एके दिवशी सकाळी ऊन माजघरात आलं होतं. मी काकूंना पेज भरवत होते. मास्तर त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. काकूंना त्या दिवशी बरं वाटत होतं, बोलावंसं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तिकडे आपली दोन्ही मुलं असतील ना? भेटतील ना मला?"

मी चमचा वाटीत ठेवला. मास्तरांकडे पाहिलं. मनात म्हटलं, हो म्हणा. एक शब्द. कुणाचं काय जाणार आहे?

मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही गं. ठाऊक असतं तर पहिल्यांदा तुला सांगितलं असतं."

मला त्यांचा इतका राग आला की मी वाटी घेऊन उठायला लागले. काकूंनी डोळे मिटले होते. तशाच त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी कधीच खोटं बोलला नाहीत, नाही?"

"नाही."

"मग माझ्याशिवाय जगायची भीती वाटते, असं परवा म्हणालात ते?"

"खरंच म्हणालो."

काकूंनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मला करता येणार नाही. इतकी वर्षं एका घरात राहून बायकोच्या वाट्याला जे क्वचित येतं ते त्यांना त्या घटकेला मिळालं होतं, एवढं मला दिसलं. त्या म्हणाल्या, "मुलं भेटतील मला. तुम्हाला ठाऊक नसलं म्हणून काय झालं, मला ठाऊक आहे." मास्तरांनी मान खाली घातली आणि त्यांचा हात आपल्या कपाळाला लावून धरला.

तीन दिवसांनी काकू गेल्या. नारायणभट न बोलावता आले. म्हणाले, "मास्तर, तुमची हरकत नसेल तर तुम्हीच म्हणा. तुमच्याइतकं शुद्ध मला येत नाही." तेवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी समजू शकते. मास्तर म्हणाले, "नको. तिचा विश्वास तुमच्यावर होता. तुम्ही म्हणा. मी सांगाल ते करतो." आणि तेरा दिवस त्यांनी नारायणभट सांगतील ते सगळं केलं, काही न टाळता.

देव काकूंनी माझ्या स्वाधीन केले होते. मास्तरांनी ते फडक्यात बांधून मला आणून दिले आणि सांगितलं, "पूजा कराल तर मनापासून करा. होत नसेल तर असेच राहू द्या. माझ्या किंवा तिच्या भिडेने करू नका." तेव्हा मी त्यांना विचारलं, त्या दिवशी नुसतं हो का म्हणाला नाहीत? ते म्हणाले, "त्या कुंभारणीला मी एकदा असंच सांगितलं होतं, बाई." देव माझ्याकडे वर्षभर फडक्यातच होते. मग एका सकाळी मी ते बाहेर काढले. का काढले ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पुढे माझी बदली झाली श्रीरामपूरला, तेव्हा बरेच लोक त्याला बेलापूर रोडच म्हणत. मास्तर निवृत्त झाले होते. त्यांची पत्रं येत, चार ओळींची. दीड वर्षाने ते गेले; गेणूची मुलगी श्रीरामपुरातच दिली होती, तिच्याकडून मला कळलं. बदलीनंतर मी त्यांना पाहिलं ते एकदाच.

रविवारची सकाळ होती. मी बाजारातून येत होते. स्टेशनच्या वाटेवर ख्रिस्ती लोकांची वस्ती होती आणि तिथे एक लहानसं देऊळ होतं. चर्च म्हणायला ते कौलारू घरच. आत पेटी आणि ढोलकीवर मराठीतलंच भजन चाललं होतं. कुंपणाशी एका लिंबाखाली मास्तर उभे होते. ओळखू येणार नाहीत इतके वाळले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "गेणूच्या मुलीकडे आलो होतो. गाडीला वेळ आहे."

"आत जाऊन बसायचं होतं. कुणी नाही म्हटलं नसतं."

"आत बसलो तर त्यांना वाटेल मी त्यांच्यातला आहे. मग ते आनंदतील आणि मला सांगावं लागेल." ते पुन्हा ऐकू लागले. "चाल छान आहे. ही असती तर एकदा ऐकून लगेच उचलली असती."

भजन संपलं. लोक बाहेर पडू लागले. सगळ्यांच्या मागून एक म्हातारी भिंत चाचपत पायऱ्या उतरत होती, तिला दिसत नव्हतं. तिने हवेत हात पुढे केला आणि म्हणाली, "शांतवना, हायेस का रं?" शांतवन कुठेतरी पुढे निघून गेला होता. मास्तर पुढे झाले आणि त्यांनी आपला हात तिच्या हातात दिला. "शांतवन नाही, आजी. पण चला, मी पोचवतो," ते म्हणाले. तिने "देव तुजं भलं करो" म्हटलं, आणि ते म्हणाले, "बरं."

माझ्या हातात भाजीची जड पिशवी होती. मी मास्तरांचा निरोप घेतला आणि निघाले. कोपऱ्यावर वळून पाहिलं तेव्हा स्टेशनात गाडीची शिट्टी झाली होती. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. म्हातारीच्या पावलाला पाऊल जुळवत, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या चुकवत, ते दोघं वस्तीकडे चालले होते, आणि पुढचा खड्डा कुठे आहे ते मास्तर तिला सांगत होते.